‘कोवळी पानगळ’ : दोन शब्दांचं शीर्षक

संवादकौशल्य म्हटलं की आपल्याला फाडफाड इंग्रजी आठवतं. मला आपल्याच गडचिरोलीतल्या ‘सर्च’चे डॉ. अभय बंग आठवतात.

1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. 39 गावांत, गावातल्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. भाषा अर्थातच आकड्यांची. पुढे 2001 मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर अहवाल काढला, तो मात्र सगळ्यांसाठी. त्याचं नाव ‘कोवळी पानगळ’.

आमच्या मुलचेऱ्याच्या जंगलात दरवर्षी सागाची पानं गळतात, कुणी दचकत नाही. पिकलं पान गळायचंच. पण कोवळं गळलं, तर काहीतरी बिघडलंय! एका विशेषणात अख्खा युक्तिवाद आला.

एक गोष्ट खटकते. पानगळीला कुणी जबाबदार नसतं, बालमृत्यूंना असतं. शीर्षक ते सांगत नाही, ते काम आतल्या आकड्यांनाच करावं लागतं. म्हणून दोन्ही भाषा यायला हव्यात.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक आईला अजून कळलेलं नाही. चूक तिची नाही. तुमचं शीर्षक घरी सांगून बघितलंत का?