वाळूवरची शर्यत

अमेरिकेतील डेटोनाची मोटारशर्यत १९५८ पर्यंत अर्धी सडकेवर, अर्धी समुद्राच्या वाळूवर धावे, तीही ओहोटी पाहून! १९५९ साली तिला अडीच मैलांच्या फेऱ्याचे डांबरी मैदान लाभले. आमच्या रायगडची बैलगाडी अजून वाळूतच आहे. पेण-रोह्याचे शौकीन तिच्यासाठी अलिबागचा किनारा गाठतात.

परंतु तिथे चाक धरणारा राजीखुशीने जीव पणाला लावतो. इथे बैलाला कोणी विचारले? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा माझ्यातल्या मास्तराला बरे वाटले. शौकीन मात्र हळहळला. २०२३ साली शर्यतीचा कायदा वैध ठरला. आता चाबूक-काठीला मनाई आहे. म्हणजे हाकणाऱ्याचे कसब त्याच्या हाळीतच दिसायचे. गुलाल उधळला, की मी आधी बैलाची पाठ पाहतो.