इंजिन बदललेली जीप ओरिजिनल असते का?

गेल्या दिवाळीत मामाची जीप बघायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. जुन्या गाड्या घ्यायच्या, नव्यासारख्या करायच्या आणि हौशी लोकांना विकायच्या, हा त्यांचा जोडधंदा. पोलादपूरला मामाच्या अंगणात त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं, खाली वाकून चासी पाहिली आणि विचारलं, "काका, नंबर मॅचिंग आहे का?"

मामा म्हणाला, "कसला नंबर? लॉटरीचा?"

मी हसलो, पण प्रश्न मला कळला होता. मी पुण्यात कोड लिहितो आणि रात्री जेवताना यूट्यूबवर अमेरिकन मसल कार बघतो. त्या दुनियेत पहिला प्रश्न हाच असतो : कारखान्यातून निघताना या चासीवर जे इंजिन होतं, तेच आज आहे का?

मामाच्या जीपमध्ये नाही. जीप १९६८ची, महिंद्राची सीजे-३बी. आरसी बुकातल्या पत्त्यात जिल्हा अजून 'कुलाबा' आहे. रायगड हे नाव १९८१ साली आलं. या मॉडेलचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, कारण आतलं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन उंच होतं. पण आजोबांना पेट्रोल परवडेना, म्हणून ते इंजिन ऐंशीच्या दशकात उतरवलं आणि जुनं डिझेल बसवलं. म्हणजे ज्या इंजिनासाठी बॉनेट उंच झालं, ते इंजिनच आत नाही. डिझेलचं वजन जास्त म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवलंय. माउंटिंग महाडच्या एका मिस्त्रीने वेल्डिंग करून दिलंय.

गृहस्थ म्हणाले, "पेट्रोल इंजिन मिळवू, बॉडी सोलून काढू, एकदम ओरिजिनल करून टाकू." त्यांचं हे 'ओरिजिनल करून टाकू' माझ्या डोक्यातून जाईना. ओरिजिनल ही करायची गोष्ट आहे का?

कसोटी कुठून आली

१९६४च्या पाँटियाक जीटीओपासून अमेरिकेत मसल कारचं युग सुरू झालं असं साधारण मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन आणि तरुण पोरांना झेपेल अशी किंमत. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, प्रदूषणाचे नियम आले, आणि ती लाट ओसरली. पुढे याच गाड्या करोडोंच्या झाल्या. १९७१ची एक हेमी 'कुडा कन्व्हर्टिबल २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

एवढा पैसा आला की नकलाही आल्या. साध्या मॉडेलवर बिल्ले चढवायचे, इंजिनावरचा नंबर घासून नवा ठोकायचा. म्हणून परीक्षक बारीक झाले. ते काचेवरचे तारखेचे कोड वाचतात, इंजिनाच्या ओतकामावरचे आकडे पाहतात, कारखान्यातल्या कामगाराने खडूने केलेली खूण शोधतात. मला सगळ्यात आवडते ती रंगाची पारख. कारखान्यात घाईत मारलेला रंग कुठेतरी ओघळलेला असतो, कुठे नुसता उडालेला असतो. रिस्टोअर केलेल्या गाडीचा रंग मात्र सगळीकडे आरशासारखा. जास्त सुंदर, म्हणून संशयास्पद!

म्हणूनच न सोललेल्या गाडीला मान आला. कॉर्व्हेट गाड्यांच्या 'ब्लूमिंग्टन गोल्ड' या मेळ्यात त्यासाठी 'सर्व्हायव्हर' नावाचा वेगळा सन्मान आहे. तो मिळवायचा तर गाडी रस्त्यावर चालवून दाखवावी लागते, आणि दुसरी गाडी दुरुस्त करताना नमुना म्हणून वापरता येईल इतकं तिचं मूळपण शाबूत असावं लागतं. हे मला पटतं. जुनी गाडी हा पुरावा असतो. सोलली की पुरावा गेला, आणि तो परत आणता येत नाही.

कसोटी काय बघत नाही

पण हीच कसोटी थोडी पुढे नेली की गंमत होते. मसल कार कशासाठी बनवली होती? सिग्नल सुटला की पळवण्यासाठी. ज्याने ती तशी पळवली त्याचं इंजिन बसलं, गिअरबॉक्स गेला, टायर तर रोजच गेले. काहींची इंजिनं वॉरंटीतच बदलून मिळाली. मग पन्नास वर्षांनी नंबर जुळणारी, मूळ रंगाची गाडी बहुतेक कोणाची सापडणार? जिने आपलं काम फारसं केलंच नाही, तिची. शिकागोजवळ भरणाऱ्या 'मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स' प्रदर्शनात गोठ्यागोदामांत सापडलेल्या गाड्यांचा वेगळा विभाग असतो. तिथे गाडीवरची धूळसुद्धा पुसत नाहीत. उभं राहिल्याची धूळ पुरावा ठरते. वापराची झीज मात्र दोष ठरते.

आपल्याकडचा नियमही याच वाटेने जातो. केंद्र सरकारने जुलै २०२१च्या मध्यात व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. २०,००० रुपये फी भरली की नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. अट अशी की ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरायची नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' ३० वर्षांची मर्यादा धरते, पण रोजच्या वापरात नसावी ही अट तिथेही आहे.

हा नियम आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, २२ जुलैला, महाडमध्ये सावित्री शिरली. तळिये त्याच दिवशी गेलं. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी आल्या. मामाची जीप ब्रेकच्या कामासाठी महाडच्या गॅरेजात होती. पाणी बॉनेटवरून गेलं. वायरिंग गेलं, सीट गेल्या. गॅरेजवाल्याने आणि मामाने मिळून ती धुतली, इंजिन खोललं, आणि तीन आठवड्यांनी तीच जीप पाण्याचे कॅन आणि ब्लँकेटं घेऊन वाड्यांवर फिरत होती.

नियम लिहिणाऱ्यांना माझ्या मामाने दोष द्यावा असं मी म्हणत नाही. कर आणि नोंदणीसाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते. माझी तक्रार आपल्या रसिकतेबद्दल आहे. ही सरकारी रेघ आपण सौंदर्याची आणि अस्सलपणाची रेघ म्हणून उचलली. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे १९६८चा पत्रा मूळचा राहायचा तर गाडीला बंद गॅरेज हवं, नोकर हवा, आणि घरात दुसरी गाडी हवी. ज्याच्याकडे एकच गाडी होती, त्याची गाडी या परीक्षेला बसूच शकत नाही.

आणि बदल न करणं हा नेहमी सद्गुणही नसतो. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या घेऊन. 'जुनं काम आहे, भक्कम आहे' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. जीपचे ब्रेक पाइप मूळचे ठेवून आंबेनळी उतरा असं मी कोणाला सांगणार नाही.

मग कसं ठरवायचं

माझा रोजचा धंदा जुना कोड सांभाळण्याचा आहे. दहा वर्षं चालणारा कोड पहिल्या दिवशी होता तसा कधीच नसतो. तरी तो तोच आहे हे आम्ही सांगू शकतो, कारण प्रत्येक बदलाची नोंद असते : कोणी केला, कधी, का. नोंद पुसून 'पहिल्यापासून असंच होतं' असं दाखवणारा माणूस आमच्याकडे सर्वांत धोकादायक. बदल करणाऱ्याची भीती वाटत नाही, नोंद पुसणाऱ्याची वाटते.

जुन्या गाडीलाही हाच प्रश्न विचारावा असं मला वाटतं : काय बदललं, हे ती लपवते का? 'फिवा'च्याच ट्यूरिन चार्टरमध्ये हा विचार आहे. गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हेसुद्धा तिच्या इतिहासाचा भाग मानावेत, आणि नवं काम ओळखू यावं. या मापाने आजोबांचं डिझेल इंजिन डाग ठरत नाही. पेट्रोल महाग झालेल्या काळातला पोलादपूरचा शेतकरी त्यात वाचता येतो. उलट आज कुठल्यातरी तिसऱ्याच जीपचं हरिकेन इंजिन आणून बसवलं, तर गाडी १९६८सारखी दिसेल, पण ती खोटं बोलत असेल.

इथवर माझं मत मलाच फार आवडलं होतं. मग मी ते मामाच्या जीपला लावलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी टॉर्च घेऊन जीपखाली शिरलो आणि वहीत लिहायला लागलो. चासी मूळची. बॉनेट, काचेची फ्रेम, डॅशबोर्ड मूळचे. पाट्यांच्या फटींत अजून पुराचा गाळ, सुकून सिमेंटसारखा झालेला. मागचा पत्रा मूळचा, असं मामा सगळ्यांना सांगत आला होता. मी उजव्या बाजूला रंगाचा पोपडा उडालेल्या जागी नखाने खरवडलं, तर आत लष्करी हिरवा रंग निघाला. डाव्या बाजूला तसा थर कुठेच नव्हता.

"मामा, ही बाजू दुसऱ्या जीपची आहे."

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "२००५च्या पुरानंतर घातली. आर्मीच्या भंगारातली होती."

"मग मूळची का सांगायचास?"

"लोकांना तेच ऐकायचं असतं रे. दुसऱ्या गाडीची म्हटलं की चेहरा पडतो त्यांचा."

म्हणजे माझ्या कसोटीवर आमचीच गाडी नापास, आणि तीही इंजिनामुळे नाही तर एका वाक्यामुळे. पण मामाने ते वाक्य का उचललं, हेही त्यातच आलं. 'मूळची' या एकाच शब्दाला भाव असेल, तर लोक खरी गोष्ट लपवून तोच शब्द विकणार. अमेरिकेत नंबर नव्याने ठोकतात, आमच्याकडे तोंडी सांगतात. रोग तोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून दोन पानं भरली. इंजिन, पाटा, वेल्डिंग, हिरवा पत्रा, २००५, २०२१, वायरिंग, ब्रेक. वर्ष आठवलं तिथे वर्ष लिहिलं, नाही आठवलं तिथे जागा रिकामी सोडली. त्याचा फोटो गृहस्थांना पाठवला. त्यांनी किंमत उतरवून सांगितली. मामाने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "बघू."

जीप अजून अंगणात आहे. ती वही डॅशबोर्डखालच्या कप्प्यात असते. गेल्या महिन्यात क्लच प्लेट बदलली, तेव्हा मामाने स्वतःच तारीख टाकली.