कॅन्ससच्या मुलांचा कौल

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९५२ साली मुलांसाठी एक ग्रंथपुरस्कार सुरू झाला. एम्पोरिया येथील नामवंत संपादक विल्यम अॅलन व्हाइट यांचे नाव त्यास देण्यात आले. यादी मोठ्यांनी करावयाची, तीतील निदान दोन पुस्तके वाचलेल्या शाळकरी मुलाने मत द्यावयाचे, आणि बहुमत तोच निकाल, अशी त्याची रीत. यादीच मोठ्यांची, तर मुलांचे स्वातंत्र्य ते कितीसे, असा संशय आम्हांस होता. १९८० व १९८१ चे निकाल पाहून मात्र आम्ही थबकलो.

१९८० मध्ये मुलांनी बेट्सी बायर्स यांचे 'द पिनबॉल्स' निवडले. पुढील वर्षी कॅथरीन पॅटरसन यांचे 'द ग्रेट गिली हॉपकिन्स'. दोन्हींतील मुले आईबापांना दुरावलेली, परक्या घरी सांभाळावयास दिलेली आहेत.

अकरा वर्षांची गिली शिवराळ आहे. ती आपल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेचा वर्णावरून अपमान करते; शेजारच्या अंध वृद्धाचे पैसे चोरते. याच कारणांनी अमेरिकेतील काही पालकांनी पुस्तकास आक्षेप घेतला. खरे सांगावयाचे, तर यादी आमच्या हाती असती, तर आम्हीही ते वगळले असते. अर्धे वाचून आम्ही ते एकदा मिटलेही होते.

ती आमची चूक होती. लेखिका गिलीस उपदेश करीत नाहीत आणि तिच्या दोषांवर पांघरूणही घालीत नाहीत. पळून जाताना पकडली गेली, तरी सांभाळणारी ट्रॉटरबाई तिला घालवून देत नाही. (ही ट्रॉटरबाई जरा अधिकच थोर रंगविली आहे, तिच्यात एखादा खोट असता, तर ती आम्हांस अधिक पटली असती.) पण गिलीने रागाच्या भरात आईस पूर्वीच पत्र धाडलेले असते. त्या पत्रापायीच तिला आजीकडे जावे लागते. ज्या आईची इतकी वाट पाहिली, ती येते खरी; पण आजीने पैसे दिले म्हणून, आणि तेही पाहुणी म्हणून. विमानतळावरून गिली ट्रॉटरबाईस फोन करते, मला घरी यावयाचे आहे म्हणते. तुझे घर आता तेच, असे उत्तर मिळते.

मुलांना शेवट गोड लागतो, ही आमची समजूत होती. कॅन्ससच्या मुलांनी हा शेवट वाचून मग मत दिले.