कोष्टकात न मावणाऱ्या ग्रंथी

अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत असतो. सापळ्याच्या शेजारी, खिळ्याला टांगलेला. उघडून दाखवलेले एक मानवी शरीर, त्यात सात-आठ रंगीत ठिपके आणि प्रत्येकाकडे जाणारी एकेक रेघ. वहीत याच तक्त्याचे कोष्टक होते : ग्रंथी, संप्रेरक, कार्य. परीक्षेत कोष्टकाच्या 'जोड्या लावा' होतात आणि प्रकरण संपते. आम्ही काही शिक्षक-शिक्षिका महिन्यातून एकदा एकत्र बसून पाठ्यघटकांची चिकित्सा करतो. या वेळी आम्ही हे कोष्टकच समोर ठेवले. हा दोष एखाद्या पुस्तकाचा नाही, हे आधीच सांगतो. फळ्यावर ते कोष्टक आम्हीच आखत आलो आहोत, आणि तेही दोन रंगांच्या खडूंनी.

कोष्टकाला काहीच गुण नाही असे नाही. ग्रंथी कोठे आहे, तिच्या स्रावाचे नाव काय, हे ते चटकन सांगते. पण पाठाचे शीर्षक असते 'नियंत्रण आणि समन्वय', आणि नियंत्रण कसे होते हे कोष्टकाच्या एकाही रकान्यात येत नाही. कोण काय करतो ते येते. कधी थांबतो, कोणाच्या सांगण्यावरून थांबतो, ते येत नाही.

हा निव्वळ तात्त्विक आक्षेप नाही. आमच्यापैकी एका बाईंना अवटू ग्रंथीचे काम मंदावल्यामुळे थायरॉक्सिनची गोळी चालू होती. वर्षभराने रक्ततपासणी केली, अहवालात टीएसएच बराच वाढलेला दिसला. बाईंनी अर्थ लावला : थायरॉइड वाढले, म्हणजे गोळी जास्त होते आहे. त्या गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या. दोन महिन्यांत अंगावर सूज, आवाज जड, जिना चढताना धाप. डॉक्टरांनी अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन बाण काढून दाखवले तेव्हा उलगडा झाला. बाई वीस वर्षे विज्ञान शिकवत होत्या. टीएसएच पीयूषिका ग्रंथीतून येते आणि अवटू ग्रंथीला उत्तेजित करते, हे त्यांना तोंडपाठ होते. हा प्रसंग त्यांनी स्वतःच बैठकीत सांगितला, आणि आम्ही सगळेच गप्प झालो, कारण अहवाल आमच्या हाती असता तर आम्हीही तेच केले असते.

ते दोन बाण असे. पीयूषिका टीएसएच पाठवते, अवटू ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते, हा पहिला बाण. रक्तातले थायरॉक्सिन पुरेसे झाले की तेच पीयूषिकेला आणि तिच्या वरच्या अधश्चेतकाला आवरते, हा दुसरा, उलटा बाण. थायरॉक्सिन कमी पडले की आवर सुटतो आणि टीएसएच वाढते. म्हणजे अवटू ग्रंथी आळसावलेली असताना वाढलेले टीएसएच ही पीयूषिकेने मारलेली हाक असते. आमच्या कोष्टकात पहिला बाण आहे, दुसरा नाही.

दुसरा बाण नसल्यामुळे आणखी काय निसटते, ते गलगंडावरून पाहू. 'आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड होतो' हे वाक्य प्रत्येक मूल लिहिते. पण कच्चा माल मिळाला नाही तर कारखाना रोडावला पाहिजे. तो फुगतो कसा? हा प्रश्न मुले विचारत नाहीत, कारण कोष्टक तो विचारू देत नाही. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नाही, तर थायरॉक्सिन नाही. थायरॉक्सिन नाही, तर पीयूषिकेला आवर नाही. टीएसएचचा मारा चालूच, आणि त्या माऱ्याखाली ग्रंथी वाढत जाते. गळ्यावरची ती सूज म्हणजे डोळ्यांना दिसणारा दुसरा बाण आहे. आपल्याच देशातले उदाहरण आहे. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे विभाग पाडून काही विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ दिले आणि एका विभागात साधे. काही वर्षांत आयोडीनच्या विभागांतल्या मुलांमधले गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, साध्या मिठाच्या विभागात तसे झाले नाही. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवरचा 'आयोडीनयुक्त' हा शब्द या वाटेने आलेला आहे. एक तास या गोष्टीसाठी दिला तर कोष्टकातल्या निम्म्या ओळी गाळल्या तरी चालतील, असे आमचे मत झाले. (सगळ्यांचे नाही. एका सरांनी परीक्षेचे काय, असे विचारले, आणि त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.)

पीयूषिकेला 'ग्रंथींची प्रमुख' म्हणण्याची पद्धतही तपासून पाहायला हवी. वाटाण्याएवढ्या ग्रंथीने साऱ्या शरीरावर हुकमत चालवावी, ही कल्पना वर्गात रंगते. पण ही प्रमुख वरून अधश्चेतकाच्या निरोपांवर चालते आणि खालून थायरॉक्सिनसारख्या संप्रेरकांच्या आवरावर. अधश्चेतकाचे हे निरोप म्हणजे नेमकी कोणती रसायने, हे शोधताना रॉजर गिलमँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे लाखो मेंदू धुंडाळले. दोघांना 1977 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवण्यासाठी पीयूषिकेचा हुकूम लागत नाही, रक्तातली वाढलेली साखर पुरते. परावटू ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवतात, प्रमुखांना विचारत नाहीत.

आता कोष्टकाची सर्वांत गमतीची उणीव. 'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये वापरात आणला, त्यामागे 1902 मधला लंडनचा प्रयोग होता. विल्यम बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाच्या साऱ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. स्वादुपिंड तरीही पाचकरस स्रवू लागले. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात वाटून, गाळून तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा स्राव! नसांवाचून, नुसत्या रक्तामार्फत निरोप पोचला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. ज्या संप्रेरकावरून सगळ्या संप्रेरकांना नाव मिळाले, ते आपल्या कोष्टकात नाही, आणि ते स्रवणारे आतडे तक्त्यावर ठिपका मिळवू शकलेले नाही. हृदयाचेही तेच. त्याच्या वरच्या कप्प्यांतून मूत्रपिंडाला मीठ टाकायला लावणारे संप्रेरक निघते, हे 1981 पासून ठाऊक आहे. मूत्रपिंड स्वतः एरिथ्रोपोएटिन स्रवून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. चरबीतून निघणारे लेप्टिन 1994 मध्ये सापडले. एवढे सगळे ठिपके दिले तर तक्त्यात माणूस दिसायचा नाही, हे खरे. पण 'ग्रंथी एवढ्याच' असा समज तरी होऊ देऊ नये.

तिसऱ्या रकान्याबद्दलही थोडे. 'इन्शुलिनच्या अभावाने मधुमेह' हे वाक्य घरात आजी-आजोबांचा मधुमेह पाहणाऱ्या मुलाला अपुरे पडते. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात सुरुवातीला इन्शुलिन भरपूरही असू शकते. पेशी त्याला दाद देत नाहीत. निरोपाइतकाच तो ऐकणारा महत्त्वाचा, आणि ऐकणाऱ्यासाठी कोष्टकात रकानाच नाही. 'पुरुषी' आणि 'स्त्री' संप्रेरक या विभागणीचेही असेच. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली : टेस्टोस्टेरॉन ठीक, पण पेशींना इस्ट्रोजेनचा निरोपच वाचता येत नव्हता. त्याची हाडे ठिसूळ होती आणि त्या वयातही उंची वाढतच होती. हाडांची वाढ थांबवायला पुरुषालाही इस्ट्रोजेन लागते.

बैठकीनंतर बाईंनी स्वतःचा तो अहवाल, नाव झाकून, नववीच्या वर्गात नेला. फळ्यावर फक्त दोन बाण काढले आणि विचारले, गोळी वाढवायची की कमी करायची? वर्ग निम्मा-निम्मा फुटला, बराच वाद झाला, आणि शेवटी बहुतेकांनी 'वाढवायची' असे कारणासह लिहिले. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, पण थायरॉक्सिन गोळीतलं आहे की आपल्या ग्रंथीतलं, हे पीयूषिकेला कसं कळतं?"

"कळत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर गोळी चालते."