'समाजस्वास्थ्य' ते 'सामाजिक आरोग्य' : प्रश्न कुणी विचारायचा?

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2' या पाठ्यपुस्तकात 'सामाजिक आरोग्य' नावाचे प्रकरण आहे. जुलै 1927 मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत जे मासिक सुरू केले, त्याचे नाव 'समाजस्वास्थ्य'. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच. पाठ्यपुस्तक मंडळाने कर्व्यांचे स्मरण करून हे शीर्षक निवडले, असे मला सुचवायचे नाही. पण ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली, तर शालेय आरोग्यशिक्षणाचे आपल्याकडे नेमके काय अडते, हे ध्यानात येते.

या विषयावर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा 'काय शिकवावे' यावर. 2007 चा वाद तसाच होता. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवर आणि मजकुरावर आक्षेप आले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच कौल दिला. त्यानंतर विषय पुन्हा आला तो नाव बदलून. 2020 च्या फेब्रुवारीत 'आयुष्मान भारत'च्या छत्राखाली शालेय आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. त्यात 11 विषय आहेत. वाढीचे वय, भावनिक आरोग्य, नातेसंबंध, स्त्रीपुरुष समानता, पोषण आणि स्वच्छता, व्यसने, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर, असे बरेच काही. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण घेऊन आठवड्याला एक तास हे शिकवतील, अशी योजना. विषयांची यादी म्हणून तिच्यात खोट काढणे अवघड आहे.

म्हणूनच मला यादीपेक्षा भाषेकडे पाहावेसे वाटते. दहावीच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. पुरुषाची आणि स्त्रीची प्रजननसंस्था, ऋतुचक्र, जुळी मुले, काचनलिकेतील फलन, सारे काही आहे. माहिती चोख आहे. पण या पाठातल्या वाक्यांचा कर्ता पाहावा. तो अंडाशय असतो, संप्रेरक असते, गर्भाशयाचे अंतःस्तर असते. ज्या मुलीला पोटात कळ येते आणि तास संपेपर्यंत बाकावरून उठता येत नाही, ती या व्याकरणात कुठेच नाही. 'सामाजिक आरोग्य' या प्रकरणात माणूस येतो, ताणतणाव आणि व्यसने येतात, सायबर गुन्हेही येतात. पण तिथे शरीर गळते. एका प्रकरणात माणसाशिवाय शरीर आणि दुसऱ्यात शरीराशिवाय माणूस, अशी ही वाटणी आहे.

'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक वाचताना आधी जाणवतो तो रुक्षपणा. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना मासिक निघण्याआधीच सोडावी लागली होती. गद्यही गणितासारखेच: विधान, कारण, निष्कर्ष. अलंकार नाही, लाडीगोडी नाही. पण या रुक्ष मासिकात पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्ट होती. वाचक प्रश्न विचारत आणि संपादक छापील उत्तर देत. प्रश्नकर्त्याला मूर्ख ठरवायचे नाही आणि पापीही ठरवायचे नाही, एवढी शिस्त त्या उत्तरांत आहे. 1934 मध्ये कर्व्यांवर जो खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून, हे मला फार महत्त्वाचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला. शरीराची माहिती देणारे ग्रंथ तेव्हाही निघत होते. खटकले ते सामान्य माणसाने स्वतःबद्दल विचारणे आणि त्याला सरळ उत्तर मिळणे.

अर्थात कर्व्यांच्या मासिकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते प्रौढांसाठी होते, साक्षरांसाठी होते, वर्गणी भरू शकणाऱ्यांसाठी होते. 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे गेले आणि मासिक थांबले. त्या 26 वर्षांत खेड्यातल्या बाईपर्यंत त्यातले काय पोचले असेल? या मौनाची किंमत पुढे गडचिरोलीत मोजली गेली. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के. सरासरी प्रत्येकीला 3.6 आजार होते आणि त्याविषयी जवळपास कुणीच बोलले नव्हते. म्हणजे दुखणे होते, ते वर्षानुवर्षे सोसले जात होते, पण ते दवाखान्यात नेण्याजोगे आहे असे कुणी सांगितलेले नव्हते.

राणी बंग यांचे 'कानोसा' मला आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे वाटते ते यासाठी, की ते बायकांच्या बोलण्यातून सुरू होते. शरीराबद्दल बोलायला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार खोटी आहे. 'पाळी' या शब्दाइतका निर्मळ शब्द दुसऱ्या भाषेत शोधावा लागेल. 'अंगावरून जाणे' हे तर बायकांनी स्वतः घडवलेले निदान आहे. पण शाळेत हे शब्द चालत नाहीत. तिथे 'ऋतुस्राव' चालतो. घरात 'कावळा शिवतो', गल्लीत शिवी असते आणि इंग्रजी शाळेत 'प्रायव्हेट पार्ट'. एकाच अवयवाला संस्कृत नाव, शिवी आणि इंग्रजी आडपडदा मिळतो. मुलाला सहज उच्चारता येईल असा शब्द मात्र कुणी हाती देत नाही.

हा केवळ भाषाशुद्धीचा मुद्दा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर शासनाने शाळाशाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी-सावित्री समिती यांबद्दल पुन्हा आदेश काढले. सारे आवश्यकच आहे. पण तक्रारीला आधी शब्द लागतात. ज्या मुलाने वर्गात कधी 'हे असं का होतं?' असे विचारलेले नाही, ते 'माझ्याशी असं झालं' हे कोणत्या भाषेत लिहून पेटीत टाकणार? तक्रारपेटी सक्तीची आहे. तिच्या शेजारी प्रश्नपेटी नाही. शिक्षकाचीही एक खरी अडचण आहे. मुलाच्या साध्या प्रश्नामागे कधी कधी तक्रारच दडलेली असते, आणि ती ओळखली की कायद्याची जबाबदारी येते. त्यामुळे प्रश्न येऊच नये, अशी व्यवस्था करण्याकडे सज्जन शिक्षकाचाही कल होतो. 'घरून वाचून या' हे वाक्य त्यातूनच येते.

मग वेळेचाही हिशेब मांडावा लागतो. पाळी साधारण सहावी ते आठवीच्या वयात येते. प्रजननाचा सविस्तर पाठ दहावीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 वर्षांआधी झाले होते. यांतल्या कितीतरी जणी तो पाठ उघडण्याआधी किंवा उघडल्यावर लगेच शाळेबाहेर गेल्या असणार. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत तो सर्वांत उशिरा पोचतो. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचे 'तारुण्यभान' हे शिबिर किशोरांपर्यंत जाऊन मोकळेपणाने बोलते. पण संस्था सगळ्या शाळांना पुरणार नाहीत. ते काम सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनाच करावे लागेल.

नवी पाठ्यपुस्तके येतील तेव्हा 11 विषयांपैकी किती घेतले, याची मोजदाद होईल. मी आणखी एक गोष्ट पाहीन. सहावीच्या पुस्तकात, मुलाच्या तोंडी शोभेल अशा मराठीत, मुलाने विचारलेला एक तरी प्रश्न आहे का, आणि त्याच्या खाली सरळ उत्तर आहे का. कर्व्यांना ज्यासाठी दंड झाला, तेवढेच करायचे आहे. फक्त या वेळी ते सरकारने छापायचे आहे.