सर्वनामांचे संगीत : मॅक्स रिख्टर यांच्या रचनांतील स्मृती

मॅक्स रिख्टर यांच्या संगीताविषयी जे लिहिले जाते त्यात 'स्मृती' हा शब्द हटकून येतो. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नावच 'मेमरीहाउस' (२००२) असे आहे. काफ्का, मुराकामी, व्हर्जिनिया वुल्फ यांचे वाङ्मय त्यांच्या पुढील रचनांतून वावरते; आणि ज्या चित्रपटांनी हे संगीत जगभर पोचविले त्यांतील महत्त्वाचे चित्रपट विस्मरणाच्या व आठवणीच्याच कथा सांगतात. हे सर्व खरे आहे. तथापि स्मृती ही नेहमी कोणाची तरी आणि कशाची तरी असते. ज्या संगीतात शब्द अल्प, कथा नाही आणि पात्रही नाही, ते कोणाच्या स्मृतीचे संगीत मानावे? आणि ते कोणाच्याही स्मृतीला सारखेच शोभत असेल, तर हा त्याचा गुण समजावा की उणीव? रिख्टर यांच्या रचनांचे मूल्यमापन या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रारंभी संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. या संगीताला 'नव-अभिजात' आणि 'अँबियंट' अशी दोन नावे देण्यात येतात. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात पहिली संज्ञा मुख्यतः स्ट्राव्हिन्स्की प्रभृतींनी १९२० च्या सुमारास अठराव्या शतकातील रूपांकडे जी दृष्टी वळविली तिला उद्देशून वापरली जाते. दुसरी संज्ञा ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या ध्वनिमुद्रिकेपासून रूढ केली. लक्षपूर्वक ऐकले तरी चालेल आणि नुसते सभोवार वाजत राहू दिले तरी चालेल, असे संगीत तिला अभिप्रेत आहे. रिख्टर यांचे शिक्षण या दोन्ही नावांवरून ध्यानात येत नाही. १९६६ मध्ये जर्मनीतील हामेल्न येथे जन्मलेले आणि इंग्लंडात वाढलेले रिख्टर एडिंबरा विद्यापीठात व लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. पुढे फ्लॉरेन्स येथे लुचियानो बेरिओ यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. बेरिओ हे युद्धोत्तर काळातील गुंतागुंतीच्या, प्रयोगप्रधान संगीताचे अग्रणी होत. त्यानंतर सुमारे दहा वर्षे रिख्टर 'पियानो सर्कस' या वृंदात राइक, ग्लास, पेर्ट इत्यादींच्या रचना वाजवीत होते. सारांश, त्यांच्या संगीतातील साधेपणा हा अनभिज्ञाचा साधेपणा नव्हे. तो जाणून पत्करलेला आहे, आणि म्हणूनच त्याची कठोर तपासणी करण्यास हरकत नाही.

'द ब्लू नोटबुक्स' (२००४) या ध्वनिमुद्रिकेतील 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' ही त्यांची सर्वांत परिचित रचना. तिचे वर्णन दोन वाक्यांत करता येते. खालच्या सप्तकातील तंतुवाद्यांवर स्वरमेळांची एक मालिका संथ गतीने पुनःपुन्हा येते. तिच्यावर व्हायोलिनची एक सुरावट चढते, मग तिच्याही वर दुसरी. येथे विकास असा घडत नाही, थर साचत जातात. प्रत्येक आवर्तनाला मागील आवर्तनाचे ओझे लाभते, आणि तोच स्वरमेळ तिसऱ्या वेळी ऐकताना पहिल्या वेळेपेक्षा अधिक जड वाटतो. स्मृतीचा व्यापार काहीसा असाच आहे. घटना बदलत नाही. ती आठवणारा बदलतो. या अर्थाने रिख्टर यांच्या संगीतात स्मृती आशयरूपाने येण्यापूर्वी रचनातत्त्व म्हणून येते, आणि हे त्यांचे खरे सामर्थ्य होय.

परंतु या स्मृतीला विषय नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर हे संगीत नामांचे नसून सर्वनामांचे आहे. 'तो', 'ती', 'ते' या शब्दांना स्वतःचा असा वस्तुनिष्ठ अर्थ नसतो. ज्या नामाबद्दल ते आले असतील त्याचा अर्थ ते वाहतात. पूर्वी नाम आले नसेल आणि पुढेही येणार नसेल, तर 'ती गेली' या वाक्यातून दुःखाची चाहूल लागते, परंतु दुःख कळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. विषयावाचूनही स्मृती असू शकते, हे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो. प्रिय व्यक्तीचा विरह झाल्याचे त्याला आठवत नाही, आणि तरीही मन उत्कंठित का व्हावे हे त्याला उलगडत नाही. जन्मांतरीच्या स्नेहाचे संस्कार जागे होत असावेत, असे तो स्वतःचे समाधान करतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत या स्थळाचा उपयोग केला आहे. मग रिख्टर यांच्या संगीतातील निर्विषय हुरहुर ही त्याच जातीची मानण्यास कोणती अडचण आहे? अडचण ही की, दुष्यंत विसरला असला तरी प्रेक्षक विसरलेला नसतो. नाटकाने शकुंतला हे नाम चार अंक आधीच दिलेले आहे. साधारणीकरणाच्या सिद्धांतातही विभावादिकांचे विशिष्ट रूप प्रथम समोर येते आणि मग त्याची विशिष्टता गळून पडते. जे कधी विशिष्ट नव्हतेच त्याचे साधारणीकरण होत नाही. ते केवळ संदिग्ध राहते.

'द ब्लू नोटबुक्स' संपूर्ण ऐकली असता ही उणीव जाणवत नाही, याचे कारण तेथे नाम पुरविलेले आहे. टिल्डा स्विन्टन ही अभिनेत्री काफ्काच्या निळ्या वह्यांतील व मिवॉश यांच्या लेखनातील उतारे वाचते आणि त्या वाचनाबरोबर टंकयंत्राच्या कळांचा आवाज ऐकू येतो. काफ्काने त्या वह्या १९१७ ते १९१९ या काळात, म्हणजे महायुद्धाच्या अखेरीस व क्षयाचे निदान झाल्यानंतर लिहिल्या. २००३ मध्ये इराकवर झालेल्या आक्रमणाच्या निषेधाचा या ध्वनिमुद्रिकेशी असलेला संबंध रिख्टर यांनी स्वतः सांगितला आहे. संगीत शब्दांचे स्पष्टीकरण करीत नाही, शब्दही संगीताचे करीत नाहीत. पण कळांचा तो कोरडा आवाज श्रोत्याला एका खोलीत, एका मेजापाशी, एका लिहिणाऱ्या माणसापाशी आणून उभा करतो. पुढे येणारे 'ते' कोणाचे, याचे उत्तर त्या खोलीत आहे.

चित्रपटांनी हे संगीत त्या खोलीतून बाहेर काढले. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'शटर आयलंड' (२०१०) मध्ये तेच संगीत एका विभ्रमग्रस्त माणसाच्या शोकाला जोडले गेले. इतकेच नव्हे, तर अखेरच्या श्रेयनामावलीत त्याच्यावर डायना वॉशिंग्टन यांनी १९६० मध्ये गायिलेले एक गीत बसविले गेले, आणि ते चपखल बसले. क्लोई झाओ यांच्या 'हॅम्नेट' (२०२५) या चित्रपटाचे संगीत स्वतः रिख्टर यांनी रचले असूनही त्याच्या परमोत्कर्षबिंदूवर एकवीस वर्षांपूर्वीची हीच रचना अवतरते. युद्धाचा निषेध, पत्नीचा मृत्यू, शेक्सपिअरच्या अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू, या सर्वांना एकच स्वरमालिका सारखीच उपकारक ठरते. सर्वनाम कोणत्याही नामाच्या जागी येऊ शकते, हे त्याचे सामर्थ्य आहे. पण वारंवार उसने घेतल्याने त्यातील दर्शकशक्ती क्षीण होते. प्रेक्षक मग समोरच्या मुलासाठी अश्रू ढाळतो की पूर्वीच्या चित्रपटात ढाळलेल्या अश्रूंच्या आठवणीने, हे सांगणे कठीण होते. स्मृतीचे संगीत येथे स्वतःच्याच वापराच्या स्मृतीवर जगू लागते.

या उसनवारीत एक अपवाद आहे आणि तो भाषेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. डेनी व्हिलनव्ह यांचा 'अरायव्हल' (२०१६) हा चित्रपट टेड चियांग यांच्या १९९८ मधील दीर्घकथेवर आधारलेला असून त्याची नायिका लुईझ बँक्स ही भाषावैज्ञानिक आहे. परग्रहवासीयांची वर्तुळाकार, आरंभ व शेवट नसलेली लिपी शिकताना तिची कालप्रतीती बदलते. चित्रपटाच्या प्रारंभी तिच्या मुलीचा जन्म, बाल्य व मृत्यू दिसतात आणि मागे रिख्टर यांची ही रचना वाजते. प्रेक्षक ती भूतकाळाची आठवण समजतो. अखेरीस तेच संगीत परत येते तेव्हा उलगडते की, ती मुलगी अजून जन्मलेलीच नाही. जे पाहिले ती भविष्याची स्मृती होती.

मराठी वाक्यरचनेचा एक विशेष येथे उपयोगी पडतो. 'जो दाराशी उभा आहे, तो माझा भाऊ' या वाक्यात 'जो' हे संबंधी सर्वनाम आधी येते. ते काही दाखवीत नाही. ते पुढे येणाऱ्या 'तो' चे ऋण काढते, आणि वाक्य पुरे होईपर्यंत ऐकणारा त्या ऋणात राहतो. 'अरायव्हल' मध्ये प्रारंभीचे संगीत हे 'जे' आहे आणि अखेरचे 'ते' आहे. मधला संपूर्ण चित्रपट हे ऋण फेडण्यात खर्च होतो. म्हणून येथे संगीताची संदिग्धता दोष न राहता कथेच्या रचनेचे अंग बनते. 'शटर आयलंड' मध्ये ती रचना एका प्रसंगाला भावनेचा मुलामा देते. येथे ती काढून घेतल्यास चित्रपटाचे वाक्यच मोडेल. या यशाला एक कटू बाजूही आहे. चित्रपटाचे मूळ संगीतकार योहान योहानसन यांचे काम ऑस्करच्या स्पर्धेसाठी अपात्र ठरविण्यात आले, कारण आधीच अस्तित्वात असलेल्या या रचनेमुळे त्यांच्या स्वतंत्र संगीताचा प्रभाव वेगळा काढता येत नाही, असे परीक्षकांचे मत पडले. उसने सर्वनाम शेजारच्या नामाला झाकून टाकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

रिख्टर यांनी ज्यासाठी स्वतंत्र संगीत रचले तो आरी फोल्मान यांचा 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९८२ च्या लेबनॉन युद्धात सैनिक असलेल्या दिग्दर्शकाला साब्रा व शातिला येथील हत्याकांडाच्या वेळी आपण कोठे होतो हे आठवत नाही, आणि त्या रिकाम्या जागेचा शोध हाच चित्रपटाचा विषय आहे. जवळजवळ सारा चित्रपट रेखाटलेला आहे. शेवटी मात्र रेखाटन संपते आणि हत्याकांडानंतरचे प्रत्यक्ष चित्रण, आक्रोश करणाऱ्या स्त्रियांसह, समोर येते. विस्मरण चालू आहे तोवर सर्वनामांचे संगीत योग्य आहे, कारण नाम खरोखरच हरवलेले आहे. नाम सापडताच अशा संगीताचा अधिकार संपतो, हे तत्त्व या चित्रपटाच्या शेवटाने सिद्ध केले आहे.

वाङ्मयाशी रिख्टर यांचा सर्वांत फलदायी संबंध 'वुल्फ वर्क्स' या नृत्यनाट्यात दिसतो. वेन मॅक्ग्रेगर यांचे नृत्यलेखन असलेले हे नाट्य लंडनच्या रॉयल बॅलेने २०१५ मध्ये सादर केले. 'मिसेस डॅलोवे', 'ऑर्लंडो' व 'द वेव्ह्ज' या तीन कादंबऱ्या त्याच्या तीन अंकांचा आधार आहेत. त्याचा प्रारंभ व्हर्जिनिया वुल्फ यांच्या स्वतःच्या आवाजाने होतो. १९३७ मध्ये त्यांनी बीबीसीवर केलेल्या भाषणाचा तो अंश असून त्यांच्या आवाजाचे तेवढेच मुद्रण आज उपलब्ध आहे. त्या भाषणाचा विषयही अर्थपूर्ण आहे: शब्द पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिल्यामुळे त्यांच्यात पूर्वस्मृतींचे पडसाद साठतात, असे प्रतिपादन त्या करतात. जुन्या मुद्रणाची खरखर, तत्कालीन उच्चभ्रू इंग्रजीचे स्वर आणि एका व्यक्तीचा श्वास यांनी युक्त असा तो आवाज हे शुद्ध नाम आहे. त्यानंतर येणारे तंतुवाद्यांचे आवर्तन कितीही साधे असले तरी रिक्त वाटत नाही.

'व्हॉइसेस' (२०२०) या रचनेत हाच प्रयोग अधिक महत्त्वाकांक्षी रूपात येतो. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे वाचन हा तिचा कणा असून एलिनॉर रूझवेल्ट यांच्या मुद्रित आवाजाने तिचा आरंभ होतो. जाहीरनाम्याच्या बहुतेक कलमांचा कर्ता 'प्रत्येक जण' हा आहे, म्हणजे तेथेही सर्वनामच आहे. परंतु हे सर्वनाम कष्टाने मिळविलेले होते. पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असाही अर्थ देणारा इंग्रजी शब्द बदलून तेथे 'सर्व मानव' अशा अर्थाची योजना व्हावी, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा होता. रिख्टर यांनी निरनिराळ्या देशांतील लोकांकडून त्यांच्या भाषांत हे पाठ मुद्रित करून घेतले, हे या सर्वनामाचा मान राखणारेच आहे. प्रत्येक आवाज 'प्रत्येक' या शब्दात आपले नाव घालतो. मात्र जाहीरनामा ही मागणी आहे आणि त्यामागील संगीत सांत्वनाचे आहे. जे अजून मिळालेले नाही ते मिळून गेल्याप्रमाणे त्याची हुरहुर लावणे, हा येथील मूलभूत विसंवाद होय. शब्दांची क्रियापदे पुढे पाहतात आणि स्वर मागे.

एवंच, रिख्टर यांच्या संगीताचा गौरव 'ते सर्वांच्या स्मृतीला स्पर्श करते' एवढ्या विधानावर उभारता येणार नाही. तो स्पर्श सर्वनामालाही साधतो. त्यांच्या श्रेष्ठ रचनांत काफ्काच्या वह्यांजवळचा कळांचा आवाज किंवा १९३७ चा एक श्वास असे काही न बदलता येणारे विशिष्ट असते, आणि मग तिच्यातील आवर्तने त्या विशिष्टाला हळूहळू सर्वांचे करतात. जेथे हे विशिष्ट नाही तेथे 'अरायव्हल' सारख्या एखाद्या कलाकृतीला ते पुढे पुरवावे लागते. जेथे तेही घडत नाही तेथे रसिकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते कोणासाठी आले हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.