केस त्यांची, केस आपली



पांढरपेशे टीकाकार म्हणतात, आरोप झाले तरी अडाणी मतदार पुढाऱ्यालाच निवडतो. अर्धंच खरं. बॅरिस्टर अंतुल्यांचं बघा. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांचा संबंध हायकोर्टात न्या. लेंटिन यांनी जोडला, जानेवारी १९८२ ला मुख्यमंत्रिपद गेलं. सुप्रीम कोर्टानं १९८४ ला खटला हायकोर्टाकडं दिला, १९८८ ला तोच हुकूम रद्द केला. १९८९ ला कुलाब्यानं त्यांना लोकसभेत धाडलं. कोर्टाचंच ठरत नव्हतं, मतदारानं काय धरायचं?

२००९ ला गुहागर रायगड मतदारसंघात आलं. अंतुले उभे होते, गीते जिंकले. पण सत्तावीस वर्षांनी सिमेंटचा हिशोब कोण मागणार?

आपल्या पोरावर मोर्चाची केस पडली की नोकरीचा चारित्र्य दाखला अडतो. पुढाऱ्याची केस मिरवणुकीत जिरते. अडाणीपणा कसला? ही व्यवस्था आहे.

आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे आपल्यालाच जास्त ठाऊक. पण २००२ च्या निकालापासून उमेदवाराला आपल्या केसेस प्रतिज्ञापत्रात लिहाव्या लागतात. तो कागद बुद्धवाडीत मोठ्यानं वाचा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे बाबासाहेबांनी १९४९ लाच बजावलंय.